‘हॉल’ म्हणजे नेमकी कोणती जागा?

शब्दसखी

सध्या मी एका इंग्रजी रहस्यकथेचा अनुवाद करत आहे. कथा १९३०च्या सुमाराची असून इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या दुमजली घरात घडते. तिसऱ्या प्रकरणात रात्री फोन वाजतो आणि मूळ लेखनात तो ‘हॉल’मध्ये वाजतो. मी सरळ लिहिले, ‘हॉलमध्ये फोन वाजला.’ घरकाम करणारी मुलगी तो उचलते, दबक्या आवाजात दोन वाक्ये बोलते आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी असलेली एक व्यक्ती तेवढे ऐकते. घरातल्या बाकीच्या चौघांना फोनची घंटा ऐकू येते, पण बोलणे ऐकू येत नाही. चुकून लागलेला फोन होता, असे ती मुलगी त्यांना सांगते आणि ते विश्वास ठेवतात. पुढचा सगळा गुंता या विश्वासावर उभा आहे.

कच्चा खर्डा मी एका मैत्रिणीला वाचायला दिला होता. तिने त्या ओळीपाशी पेन्सिलने लिहिले, ‘चौघेही हॉलमध्येच बसले होते ना? मग तिचे बोलणे त्यांना ऐकू कसे आले नाही?’ मागे जाऊन पाहिले तेव्हा कळले की दोन पाने आधी मीच ‘ड्रॉइंग रूम’साठीही ‘हॉल’ हा शब्द वापरला होता. मूळ कथेत या दोन वेगळ्या जागा आहेत आणि त्यांच्यामध्ये एक लोटलेले दार आहे. माझ्या मराठीत ते दारच नाहीसे झाले.

इंग्रज घरातला ‘हॉल’ म्हणजे पुढच्या दारातून आत आल्यावर लागणारी, जिथून जिना वर जातो आणि जिथून बाकीच्या खोल्यांची दारे उघडतात अशी जागा. आपल्या बोलण्यातला ‘हॉल’ म्हणजे बसाउठायची सर्वांत मोठी खोली. या इंग्रजी ‘हॉल’ला मराठीत काय म्हणावे, आणि तुमच्या घरात, तुमच्या भागात ‘हॉल’ नेमके कोणत्या जागेला म्हणतात, हे कृपया सांगावे.

ओळंबा

मी गेली बरीच वर्षे घरांचे आराखडे काढत आहे, त्यामुळे हा गोंधळ माझ्या परिचयाचा आहे. आम्ही मंजुरीसाठी जो नकाशा देतो त्यावर ‘हॉल’ हा शब्द सहसा नसतो. तिथे ‘लिव्हिंग’ किंवा ‘लिव्हिंग-डायनिंग’ असे लिहिलेले असते. जाहिरातीत मात्र त्याच घराला ‘टू बीएचके’ म्हटले जाते आणि त्यातला मधला ‘एच’ म्हणजे हॉल. घर घ्यायला येणारे कुटुंबही ‘हॉल किती मोठा आहे?’ असेच विचारते. ‘लिव्हिंग रूम’ हा शब्द घरातल्या बोलण्यात मी फार क्वचित ऐकला आहे.

तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. आपल्याकडे ‘हॉल’ आणि ‘पॅसेज’ हे एकमेकांच्या विरोधी शब्द आहेत. हॉलमधून झोपायच्या खोल्यांकडे जाणारी चिंचोळी जागा तो पॅसेज, आणि तो सगळ्यांना वाया गेलेला वाटतो, कारण २०१६च्या रेरा कायद्याच्या व्याख्येनुसार चटई क्षेत्रात आतल्या भिंतींसह घरातला पॅसेजही मोजला जातो आणि त्याचे पैसे द्यावे लागतात. म्हणून ‘पॅसेज कमी करा आणि हॉल वाढवा’ ही मागणी मी असंख्य वेळा ऐकली आहे. इंग्लंडमधल्या माणसाला हे वाक्य शब्दशः सांगितले तर तो चक्रावून जाईल, कारण त्याच्या घरी हॉल हाच पॅसेज असतो.

आडवाट

आमच्या दोन खोल्यांच्या घरात ‘हॉल’ नव्हताच. ‘बाहेरची खोली’ आणि ‘आतली खोली’ एवढेच शब्द होते. घर बदलून तीन खोल्यांत आलो आणि बाहेरच्या खोलीचा त्याच दिवशी हॉल झाला.

तळटीप

एकाच शब्दाला सभागृह आणि बोळकांडी असे दोन टोकांचे अर्थ कसे आले, हे समजून घेतल्याशिवाय शब्दसखी यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही, असे मला वाटते. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ‘हॉल’ म्हणजे जवळजवळ संपूर्ण घरच होते. उंच छपराची एकच प्रशस्त जागा, मध्यभागी जमिनीवर पेटलेली आगटी, धूर बाहेर जाण्यासाठी छपरात ठेवलेला झरोका, एका टोकाला उंच चौथऱ्यावर घरधन्याचे आसन आणि दुसऱ्या टोकाला प्रवेशाचे दार. जेवण, न्यायनिवाडा, पाहुण्यांचे स्वागत आणि रात्री नोकरचाकरांची झोप हे सगळे त्याच छपराखाली होत असे. राजाच्या घरी हाच हॉल अवाढव्य होई. लंडनचा वेस्टमिन्स्टर हॉल दुसऱ्या विल्यमने १०९७ मध्ये बांधायला घेतला. तो सुमारे ७३ मीटर लांब आणि २० मीटर रुंद असून आजही उभा आहे. पहिल्या चार्ल्सवरचा खटला १६४९ मध्ये याच हॉलमध्ये चालला.

पुढे भिंतीतली धुराडी आली, वरचे मजले आले आणि घरधन्याचे कुटुंब हळूहळू हॉलमधून उठून वेगळ्या खोल्यांत राहू लागले. जेवायला वेगळी खोली झाली. जिथे ‘माघार घेऊन’ बसायचे ती ‘विथड्रॉइंग रूम’ झाली आणि तिच्या नावातला पहिला तुकडा गळून ‘ड्रॉइंग रूम’ उरली. हॉलमधून एकेक काम निघून गेले. शेवटी त्याच्याकडे दोनच कामे राहिली: दारातून येणाऱ्याला आत घेणे आणि जिन्याकडे किंवा इतर खोल्यांकडे पाठवणे. मोठ्या वाड्यात तो तरीही भव्य राहिला, पण साध्या घरात आक्रसत आक्रसत दारामागची पट्टी झाला. नाव मात्र तेच राहिले. अमेरिकेत त्याहीपुढे जाऊन खोल्यांच्या दरम्यानच्या कोणत्याही मार्गाला हॉल किंवा ‘हॉलवे’ म्हणू लागले.

ज्या हॉलमधून माणसे उठून गेली तो हॉल आणि उठून जिथे गेली ती ड्रॉइंग रूम, या दोन्हींना मराठीत आपण एकच नाव दिले आहे. शब्दसखी यांची चूक म्हणूनच अगदी स्वाभाविक आहे.

चौसोपी

तळटीप यांच्या प्रतिसादामुळे मला आमच्या जुन्या घराचा विचार नव्याने करावासा वाटला. कोल्हापूरकडे आम्ही ‘सोपा’ म्हणतो. चौकाच्या भोवतीची, एका बाजूने उघडी, खांबांवर तोललेली जागा म्हणजे सोपा. चारही बाजूंनी सोपे असले की वाडा चौसोपी. बसणे, हिशेब, पाहुण्यांची निजण्याची सोय, पावसाळ्यात धान्य पसरणे हे सगळे सोप्यात होत असे, आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचे तरी सोप्यातूनच जावे लागे. म्हणजे सोपा ही खोलीही होती आणि मार्गही होता. जुन्या इंग्रजी हॉलचे जे वर्णन वर आले आहे, त्याच्या सर्वांत जवळचा मराठी शब्द मला हाच वाटतो.

अनुवादासाठी मात्र मी वेगळा शब्द सुचवेन, तो म्हणजे ‘देवडी’. वाड्याच्या मोठ्या दारातून आत पाऊल टाकले की दोन्ही हातांना पहारेकऱ्यांसाठी बांधलेल्या बैठका आणि मधून वाट, ती देवडी. आलेला माणूस आधी तिथे थांबतो, आत वर्दी जाते आणि मग त्याला चौकात घेतात. इंग्रजी घरातला हॉलही नेमके हेच करतो.

गवाक्ष

मराठवाड्यात याच जागेला ‘ढाळज’ म्हणतात. आमच्याकडे दिंडी दरवाजातून आत आले की ढाळज लागते आणि तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांची बैठक असते. देवडीपेक्षा हा शब्द अधिक घरगुती आहे, कारण ढाळजेत पहारेकरी असलाच पाहिजे असे नाही.

शब्दसखी

चौसोपी आणि गवाक्ष, दोन्ही शब्दांबद्दल मनापासून आभार. ‘ढाळज’ मला माहीत नव्हता. तरीही अडचण सांगते. ‘देवडीत फोन वाजला’ असे लिहिले की वाचकाच्या डोळ्यांसमोर दगडी वाडा, लाकडी दिंडी आणि पगडीतला पहारेकरी उभा राहील. माझ्या कथेतले घर निवृत्त डॉक्टरचे आहे. दाराशी छत्र्यांचे स्टँड आहे, कोट टांगायच्या खुंट्या आहेत आणि एका छोट्या टेबलावर फोन आहे. जागेचे काम जुळले तरी शब्दाबरोबर येणारे चित्र जुळत नाही.

माडीवरून

कोकणातल्या घरांचा क्रम सांगतो, कदाचित त्यातून काही सापडेल. अंगणातून आधी पडवी, मग ओटी, मग माजघर आणि त्यामागे स्वयंपाकघर. पडवी उतरत्या छपराखाली असते आणि बरीचशी उघडी असते. परक्या माणसाची मर्यादा बहुतेक वेळा ओटीपर्यंत असे. माजघर हे नावाप्रमाणेच घराच्या मधले, बायकामाणसांच्या वावराचे. या सगळ्यात केवळ चालण्यासाठी राखलेली, दोन्ही बाजूंना भिंती असलेली जागा कुठेच नाही. एका जागेतून दुसऱ्या जागेत थेट उंबरठा ओलांडून जायचे. मला वाटते, आपल्या जुन्या घरांत इंग्रजी अर्थाचा पॅसेज फारसा नव्हताच, म्हणून त्याला सर्वांना पटेल असा एक शब्दही तयार झाला नाही. ‘बोळ’ आहे, पण तो दोन घरांच्या मधला. ‘बोळकांडी’ म्हटले की अंधार आणि अडचण आधी जाणवते.

ओळंबा

माडीवरून यांचे निरीक्षण योग्य आहे आणि त्याला बांधकामातले कारणही आहे. खणाच्या मापाने बांधलेल्या घरात, म्हणजे दोन तुळयांमधले अंतर हा एक खण मानून रचलेल्या घरात, प्रत्येक खणाचा वापर व्हायचा. फक्त येण्याजाण्यासाठी खण खर्च करणे कोणालाही परवडत नसे. हवा आणि उजेड चौकातून येत असल्याने चौकाकडेची बाजू उघडी ठेवून तिथूनच वावर होत असे. चाळीतही तेच तत्त्व आहे. एका ओळीत खोल्या आणि पुढे सगळ्यांना सामाईक असलेला लांब मार्ग. त्या मार्गाला कोणी ‘गॅलरी’ म्हणते, कोणी ‘व्हरांडा’. ‘गॅलरी’चीही हीच कथा आहे: चाळीत ती येण्याजाण्याची वाट, फ्लॅटमध्ये ती बाहेर डोकावण्याची जागा, नाट्यगृहात वरची आसने आणि चित्रकारांसाठी प्रदर्शनाचे दालन.

तळटीप

ओळंबा यांनी ‘दालन’ हा शब्द सहज वापरला, पण या चर्चेत मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. ‘दालन’ आपल्याकडे फारसीतून आले. फारसीत ‘दालान’ म्हणजे प्रवेशमार्ग, दारामागची किंवा खोल्यांमधली आच्छादित वाट. आजच्या इराणमध्येही हा अर्थ प्रचलित आहे. हिंदी-उर्दूत दालान म्हणजे खांबांची, एका बाजूने उघडी ओसरी. मराठीत येईपर्यंत तिला चारही बाजूंनी भिंती आल्या आणि दालन म्हणजे मोठी, मानाची खोली झाली. संग्रहालयात शस्त्रांचे दालन असते, मंत्रालयात मंत्र्यांचे दालन असते.

म्हणजे इंग्रजीत ‘हॉल’ सभागृहापासून निघून बोळकांडीपर्यंत पोहोचला आणि ‘दालन’ बोळकांडीपासून निघून सभागृहापर्यंत आले. दोन्ही शब्द एकाच रस्त्याने उलट दिशांनी चालले. यावरून माझे असे मत झाले आहे की खोली आणि वाट यांच्यातली सीमा मुळातच पक्की नसते. माणसे जिथे थांबतात ती खोली आणि जिथून नुसती पुढे जातात ती वाट. वहिवाट बदलली की शब्दाचा अर्थ सरकतो.

प्रवेशिका

घराबाहेरचे ‘हॉल’ही विचारात घ्यायला हवेत. ‘हॉल बुक केला’ असे कोणी म्हटले की आपण तारीख विचारतो, कारण तो मंगल कार्यालयाचा हॉल असतो. परीक्षेचे ‘हॉल तिकीट’ विद्यार्थ्यांच्या तोंडी इतके रुळले आहे की ‘प्रवेशपत्र’ हा शब्द फक्त कागदावर उरला आहे. आणि ज्या जागेत प्रत्यक्ष परीक्षा होते तो बहुतेक वेळा शाळेचा साधा वर्ग असतो, हॉल नसतोच. खरगपूरच्या आयआयटीत तर संपूर्ण वसतिगृहालाच हॉल म्हणतात. माझा भाऊ तिथे शिकायला गेला आणि त्याने पहिल्याच दिवशी ‘मला हॉल मिळाला’ असे कळवले, तेव्हा आई घाबरून गेली. खोली मिळाली नाही म्हणून मुलाला सभागृहात झोपावे लागणार, असा तिने अर्थ घेतला होता.

शिवाय ‘टाउन हॉल’. मुंबईचा टाउन हॉल १८३३ मध्ये पूर्ण झाला आणि तिथे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. कोल्हापूरच्या टाउन हॉलमध्ये वस्तुसंग्रहालय आहे. दोन्ही ठिकाणी टाउन हॉल म्हणजे एक खोली नसून पूर्ण इमारत आहे. अलीकडे कंपन्यांत ‘उद्या टाउन हॉल आहे’ असे म्हणतात, तेव्हा तर जागाही उरत नाही. तिथे टाउन हॉल म्हणजे सर्व कर्मचाऱ्यांची सभा.

दागिना

माझा व्यवसाय सोन्याचा आहे, म्हणून एक भर घालतो. ‘हॉलमार्क’मधला हॉल हाच आहे. लंडनच्या सुवर्णकारांच्या संघाची स्वतःची वास्तू होती, तिला गोल्डस्मिथ्स हॉल म्हणत. १४७८ पासून कारागिरांना आपला माल कस तपासण्यासाठी आणि छाप मारून घेण्यासाठी त्या हॉलमध्ये आणावा लागू लागला. हॉलमध्ये मारलेली खूण म्हणून हॉलमार्क. आपल्याकडे सोन्याच्या दागिन्यांवर ही खूण जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. गिऱ्हाईक अंगठी हातात घेऊन ‘हॉलमार्क आहे ना?’ असे विचारते, तेव्हा त्या शब्दात एक इमारत दडलेली आहे हे त्याला सांगावे असे मला नेहमी वाटते.

स्वभाषा

सर्वांचे प्रतिसाद वाचले. माहिती उत्तम आहे, पण मूळ रोगावर कोणी बोलत नाही. आपण ‘हॉल’ हा शब्द घरात घेतलाच का? बैठक, ओसरी, सोपा, ओटी, माजघर, दिवाणखाना असे इतके नेमके शब्द असताना सगळ्यांच्या जागी एक ‘हॉल’ बसवला आणि आता तो संदिग्ध आहे म्हणून तक्रार करतो. शब्दसखी यांनी अनुवादातून ‘हॉल’ पूर्णपणे काढून टाकावा. ड्रॉइंग रूमला ‘दिवाणखाना’ म्हणावे आणि हॉलला ‘ओसरी’.

ओळंबा

स्वभाषा, आपली तळमळ समजते, पण सहमत होता येत नाही. ओसरी आणि ओटी यांना एक बाजू उघडी लागते. सातव्या मजल्यावरच्या घराला ओसरी असू शकत नाही. सोप्याला चौक लागतो. लोकांनी जुने शब्द आळसाने टाकलेले नाहीत. त्या शब्दांच्या जागाच नव्या घरांत उरल्या नाहीत, आणि नव्या जागेला लोकांनी नवा शब्द घेतला. ‘दिवाणखाना’ही मूळचा घरगुती नाही. फारसीत ‘दीवान’ म्हणजे दरबार, कचेरी, आणि ‘खाना’ म्हणजे घर किंवा जागा. कामकाजाची जागा पुढे पाहुण्यांची बैठक झाली. तोही हॉलसारखाच सरकत आलेला शब्द आहे. इंग्लंडमधल्या बंद दाराच्या थंड घरात ओसरी लिहिली तर ते घर तिथले राहणार नाही.

स्वभाषा

ओसरीबद्दलचा आक्षेप मान्य आहे. दिवाणखान्याबद्दल मात्र मी ठाम आहे. शब्द कुठून आला यापेक्षा तो आज वाचकाला काय दाखवतो हे अनुवादात महत्त्वाचे. ‘दिवाणखाना’ म्हटले की सुस्थितीतल्या कुटुंबाची, पाहुण्यांसाठी सजवलेली खोली दिसते, आणि निवृत्त डॉक्टरच्या ड्रॉइंग रूमला हे चित्र शोभते.

शब्दसखी

हे पटले. ड्रॉइंग रूमसाठी ‘दिवाणखाना’ निश्चित करते. निम्मा प्रश्न सुटला.

तळटीप

स्वभाषा यांच्यासाठी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ‘हॉल’ आपल्याला वाटतो तितका परका नाही. जुन्या इंग्रजीतला ‘हॉल’ आणि लॅटिनमधला ‘सेला’ (जुना उच्चार ‘केल्ला’), म्हणजे लहान खोली किंवा कोठडी, हे दोन्ही शब्द ‘झाकणे, आच्छादणे’ अशा अर्थाच्या एका प्राचीन धातूशी जोडले जातात. संस्कृतातला ‘शाला’ हा शब्दही भाषाशास्त्रज्ञ त्याच कुळात बसवतात. मुळातला ‘क’सारखा ध्वनी लॅटिनमध्ये टिकला, संस्कृतात त्याचा ‘श’ झाला आणि इंग्रजीच्या शाखेत ‘ह’. ‘शत’ आणि ‘हंड्रेड’, ‘श्वन्’ आणि ‘हाउंड’ या जोड्यांत हाच नियम दिसतो. मग ‘शाला’ आणि ‘हॉल’ या जोडीने आश्चर्य वाटायला नको. शाला म्हणजे छप्पर घातलेली जागा, आणि हॉल म्हणजेही तेच.

आपल्याकडे शालेचीही किती रूपे झाली आहेत ते पाहा. शाळा, धर्मशाळा, गोशाळा, टंकशालेची टांकसाळ. चार बाजूंना शाला असलेल्या घराला संस्कृतात ‘चतुःशाल’ म्हणतात, म्हणजे आपला चौसोपी वाडाच. घराच्या दर्शनी भागाला ‘पडसाळ’ हा जुना मराठी शब्द आहे आणि कन्नडमध्ये तो ‘पडसाले’ या रूपात आजही वापरात आहे. लॅटिन ‘सेला’कडूनच इंग्रजीत ‘सेल’ आला, ज्याचा अर्थ तुरुंगातली कोठडीही होतो आणि शरीरातली पेशीही. १६६५ मध्ये रॉबर्ट हूक यांना सूक्ष्मदर्शकाखाली बुचाच्या कापात रिकामे कप्पे दिसले आणि त्यांनी त्यांना हे नाव दिले. पेशी, कोठडी, शाळा आणि हॉल हे सगळे एकाच छपराखालचे भाऊबंद आहेत.

आडवाट

मग ‘पडसाळ’च का वापरू नये? शब्द मराठी आहे, घराच्या पुढच्या भागाचा आहे आणि शालेच्या नात्याने हॉलचा सख्खा नातेवाईकही आहे.

माडीवरून

आडवाट, कल्पना सुंदर आहे, पण रहस्यकथेच्या वाचकाला त्या क्षणी फोनवर काय बोलले गेले हे जाणून घ्यायचे असते. ‘पडसाळ म्हणजे काय?’ हा प्रश्न पडून तो थांबला, तर लेखकाने चढवलेला ताण त्या एका शब्दाने सुटेल. ललित लेखात हा शब्द वापरायला मला फार आवडेल. इथे नको.

प्रवेशिका

शब्दसखी, तुमच्या कथेत ‘हॉल’ एकूण किती ठिकाणी आला आहे? प्रत्येक ठिकाणी तोच अर्थ आहे का?

शब्दसखी

मोजून पाहिले. सव्वीस ठिकाणी आहे. बहुतेक ठिकाणी दारामागची जागा. एका ठिकाणी गावातला सभेचा हॉल. आणखी एक जागा मला चमत्कारिक वाटते. घरी आलेला अमेरिकी पाहुणा रात्री विचारतो की न्हाणीघर कुठे आहे, आणि त्याला उत्तर मिळते की ते लँडिंगच्या टोकाला आहे. तो स्वतः मात्र त्या जागेचा उल्लेख ‘हॉल’ असा करतो. दुसऱ्या दिवशी पोलिसांना तो सांगतो की रात्री हॉलमध्ये पावले ऐकली. सगळे खालच्या दाराजवळ शोध घेतात.

तळटीप

शब्दसखी, ही लेखकाने मुद्दाम पेरलेली खूण दिसते. इंग्रज माणसासाठी हॉल फक्त तळमजल्यावर, पुढच्या दाराशी असतो. वरच्या मजल्यावर जिना जिथे संपतो आणि झोपायच्या खोल्यांची दारे उघडतात, ती जागा त्याच्यासाठी ‘लँडिंग’. अमेरिकी माणूस मात्र वरच्या मजल्यावरच्या मार्गालाही बेधडक हॉल म्हणेल. पाहुण्याने पावले वरच्या मजल्यावर ऐकली आणि पोलिसांनी खालचा मजला धुंडाळला. शेवटचे प्रकरण वाचून खात्री करून घ्या.

शब्दसखी

आत्ताच पुन्हा वाचले. आपण म्हणता तसेच आहे, उलगडा याच शब्दावर होतो. मी अनुवादात पाहुण्याच्या तोंडी ‘पॅसेज’ घातला असता तर खूण आधीच उघडी पडली असती, आणि ‘दाराजवळ’ घातले असते तर पाहुणा खोटे बोलला असे झाले असते. आता दोन्ही जागांना शोभेल असा एकच शब्द हवा आहे, जो इंग्रज माणसाला खाली नेईल आणि अमेरिकी माणसाला वर. इतका वेळ मी नेमका शब्द शोधत होते. आता मला संदिग्ध शब्द हवा आहे.

ओळंबा

एक व्यावहारिक सूचना करतो. आधी घराचा नकाशा काढा. दार कुठे, जिना कुठे, फोनचे टेबल कुठे, दिवाणखान्याचे दार कोणत्या बाजूला उघडते, वर किती खोल्या आहेत हे सव्वीस उल्लेखांवरून कागदावर मांडा. मग प्रत्येक वाक्य त्या नकाशावर बोट ठेवून वाचा. मी घरमालकांशी बोलताना हेच करतो. त्यांचा ‘हॉल’ आणि माझा ‘हॉल’ एक आहे की नाही, हे कागदावर बोट ठेवल्याशिवाय कळत नाही.

संदिग्ध शब्दाबद्दल मला असे वाटते की खुद्द ‘हॉल’च ठेवावा, पण त्याचा अर्थ वाचकाच्या मनात आधी पक्का करून द्यावा. पहिल्या प्रकरणात कोणी घरात शिरते तेव्हा एका वाक्यात ती जागा दाखवून द्या. एकदा वाचकाने ती पाहिली की पुढे तो स्वतःच्या घरातल्या हॉलची कल्पना करणार नाही. आणि पाहुणा ‘हॉल’ म्हणेल तेव्हा इंग्रज पोलिसांप्रमाणे मराठी वाचकही खालच्या मजल्यावरच जाईल.

चौसोपी

ओळंबा यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि ‘देवडी’ मागे घेतो. जिन्यावरच्या जागेला मात्र ‘लँडिंग’ ठेवू नका. बहुतेक वाचकांना विमान आठवेल. ‘जिन्यावरची मोकळी जागा’ असे सरळ म्हणा.

शब्दसखी

नकाशा काढला. दोन संध्याकाळी लागल्या, पण माझ्या खर्ड्यातल्या आणखी तीन चुका त्यातून सापडल्या. पहिल्या प्रकरणात आता असे वाक्य घातले आहे: ‘दार उघडून तो आत आला. दारामागच्या अरुंद हॉलमध्ये कोट टांगायच्या खुंट्या होत्या, जिन्याच्या कठड्याला टेकवून ठेवलेल्या छोट्या टेबलावर फोन होता आणि उजव्या हाताच्या बंद दारापलीकडून दिवाणखान्यातले हसणे ऐकू येत होते.’ हे वाक्य मूळ लेखनातल्या वाक्यापेक्षा थोडे लांब आहे, पण त्यातली प्रत्येक गोष्ट मूळ पुस्तकात याच प्रकरणात पुढेमागे आलेली आहे. मी ती फक्त एकत्र आणली. फोनच्या प्रसंगात ‘हॉलमध्ये फोन वाजला’ हे वाक्य जसेच्या तसे राहिले. मैत्रिणीने पुन्हा वाचले आणि या वेळी तिची पेन्सिल तिथे थांबली नाही.

एकच ओळ अजून सुटत नाही. गावातला माळी डॉक्टरला म्हणतो की त्याला सकाळी नऊ वाजता ‘हॉल’वर हजर व्हायचे आहे. मी आधी ‘हॉलमध्ये’ असे लिहिले होते. सभेचा हॉल म्हणावा तर सकाळी नऊ वाजता तिथे कोणी नसते, आणि डॉक्टरच्या घरातला हॉल असणे शक्य नाही, कारण तो त्या वेळी तिथेच उभा आहे.

तळटीप

मूळ लेखनात तो शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो का? तसे असेल तर ते गावच्या जमीनदाराचे घर आहे. इंग्लंडमधल्या अनेक खेड्यांत त्या मोठ्या घराचे नावच ‘अमुक हॉल’ असे असते आणि गावकरी नुसते ‘हॉल’ म्हणतात. हा शब्दाचा सर्वांत जुना अर्थ आहे, जेव्हा हॉल म्हणजेच घर होते.

शब्दसखी

हो, मोठ्या अक्षराने आहे, आणि मी ते पाहूनही पुढे गेले होते. मग शब्द आपल्याकडे तयारच आहे. ‘नऊ वाजता वाड्यावर जायचंय, साहेब.’